किल्ल्यावरची हिरवळ

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली की आमच्या वाड्याच्या चौकात किल्ल्याची धांदल सुरू होई. फुटक्या विटा, मोडकी मडकी, गोणपाटाचे तुकडे यांचा सांगाडा रचायचा, त्यावर चिखल थापायचा, बुरूज उठवायचे, बोटाने पायऱ्या पाडायच्या आणि महाराज सिंहासनावर बसण्यापूर्वी डोंगराच्या उतारावर रान उगवायचे. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नसे. आम्ही मोहरी पेरत असू, आणि पहिल्याच पाण्याच्या शिंतोड्याबरोबर निम्मी मोहरी घरंगळत खाली खंदकात जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी खंदकात घनदाट अरण्य आणि डोंगर मात्र टकला, असा देखावा दिसे. शेवटी आजीने एकदा युक्ती सांगितली. हळिवाच्या लाडवांसाठी तिने हळीव भिजत घातले होते. त्यांतला मूठभर बुळबुळीत लगदा तिने आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हा थापा. हलायचा नाही." तो खरोखरच हलला नाही. भिजलेल्या हळिवाला जो चीक सुटतो त्याने दाणा चिखलाला चिकटून बसला, पाणी धरून राहिला, आणि दोन दिवसांत कड्याच्या उभ्या अंगावरसुद्धा हिरवी लव फुटली.

पुढे पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या मोठ्या रस्त्यांचा इतिहास वाचताना मला आजीची ही मूठ एकाएकी आठवली. कारण त्या देशाच्या रस्तेखात्याने लाखो एकर उघडे उतार ज्या रीतीने हिरवे केले, ती रीत तत्त्वतः हीच होती: बी, पाणी आणि चिकट लगदा एकत्र कालवायचा आणि उतारावर थापायचा. फरक इतकाच, की हाताऐवजी तेथे मोटारीवरची टाकी आली आणि मुठीऐवजी पंपाची नळी आली. या रीतीला तेथे 'हायड्रोसीडिंग' म्हणतात. आपण तिला जलपेरणी म्हणू. ही जलपेरणी कशी जन्मली, तिच्या आधी कोणकोणते उद्योग होऊन फसले, आणि तिचा आपल्या मुलखाशी काही संबंध आहे की नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

गोष्टीची सुरुवात रस्त्यापासून होत नाही, शेतापासून होते. १९०५ साली व्हर्जिनिया राज्यातल्या लुइझा परगण्यात ह्यू हॅमंड बेनेट नावाचा चोवीस वर्षांचा एक सरकारी माणूस जमिनीची पाहणी करीत हिंडत होता. तेथल्या शेतांचे पीक का घटले, हे त्याला शोधून काढायचे होते. बेनेट स्वतः नॉर्थ कॅरोलायनातल्या कापसाच्या शेतावर वाढलेला; मातीत हात घालण्याची त्याला लाज नव्हती. एके ठिकाणी त्याला शेजारी शेजारी दोन तुकडे दिसले. एकावर जुने रान होते, दुसऱ्यावर कित्येक वर्षे नांगर चालला होता. उतार तोच, खडक तोच. रानातली माती भुसभुशीत, ओलसर, हाताने उकरता येईल अशी. आणि शेतातली माती कठीण, चिकणी, जणू भाजलेली. त्याच्या ध्यानात आले की शेतातली वरची माती कोणी चोरून नेलेली नाही, ती दर पावसाबरोबर कागदाएवढ्या पातळ पापुद्र्याने निघून गेली आहे. घळ पडली की शेतकऱ्याला दिसते. हा पापुद्रा जातो तो कोणाला दिसत नाही. बापाच्या आयुष्यात गेलेली माती मुलाला ठाऊकच नसते, कारण त्याने जमीन पाहिली तीच मुळी उघडी पडलेली.

त्या काळच्या सरकारी शास्त्रज्ञांना मात्र हे पटत नव्हते. ज्या मृदा-खात्यात बेनेट नोकरीला होता, त्याच खात्याने १९०९ साली छापून जाहीर केले होते की माती ही राष्ट्राची कधीही न संपणारी, न झिजणारी ठेव आहे. बेनेट पुढे म्हणत असे, की इतकी महागात पडणारी चुकीची माहिती एका लहानशा वाक्यात मावू शकते हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. माणूस अंगाने दांडगा आणि बोलण्यात तसाच. वीस-पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला, भाषणे देत राहिला. १९२८ साली त्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने मातीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे असे सांगणारी पत्रिका सरकारकडूनच छापवून घेतली. लोकांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली.

मग निसर्गानेच साक्ष दिली. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमेरिकेच्या मधल्या मैदानी मुलखातले हजारो वर्षांचे गवत नांगरून काढण्यात आले होते. १९३१ पासून पाऊस हटला. धरून ठेवायला गवताचे मूळ नव्हते. जमीन वाऱ्यावर उठली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तिकडे 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी दुपारी काही मुलखांत दिवसाची रात्र झाली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये मृदासंधारणाच्या कायद्याचा विचार चालू होता. अशी गोष्ट सांगतात की बेनेटला पश्चिमेकडून धुळीचे वादळ राजधानीकडे निघाल्याची बातमी होती, म्हणून तो समितीपुढे मुद्दाम रेंगाळत बोलत राहिला, आणि अखेर खिडकीबाहेरचे आकाश तांबूस झाले तेव्हा त्याने सभासदांना बोट दाखवून सांगितले की महाशय, मी म्हणतो ती माती ही पाहा. गोष्टीला थोडे मीठमसाला लागले असेल. पण २७ एप्रिल १९३५ ला कायदा झाला, नवे मृदासंधारण खाते उभे राहिले आणि बेनेट त्याचा प्रमुख झाला, याबद्दल वाद नाही.

आता खाते झाले, पैसा आला, बेकार तरुणांच्या पलटणी हाताशी आल्या. लावायचे काय? येथून पुढचा भाग मोठा गमतीचा आहे, आणि थोडा दुःखाचाही.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानच्या दालनात 'कुडझू' नावाचा एक वेल मांडला होता. मोठी पाने, जांभळ्या सुवासिक फुलांचे घोस. लोकांनी तो हौसेने व्हरांड्यावर चढवायला नेला. पुढे फ्लॉरिडातल्या एका जोडप्याला कळले की गुरे तो आवडीने खातात, आणि त्यांनी टपालाने रोपे विकण्याचा धंदा मांडला. बेनेटच्या खात्याला हा वेल म्हणजे देवाने धाडलेला वाटला. शेंगवर्गातला, म्हणजे जमिनीला नत्र देणारा, कसल्याही निकस घळीत वाढणारा, वेगाने पसरणारा. सरकारी रोपवाटिकांतून कोट्यवधी रोपे निघाली, आणि लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरामागे आठ डॉलरपर्यंत पैसे मिळू लागले. जॉर्जियात चॅनिंग कोप नावाचा एक रेडिओवक्ता आणि पत्रकार होता. त्याने तर कुडझू-प्रेमिकांचे मंडळच काढले आणि हा वेल मेलेल्या जमिनीला जिवंत करील असा प्रचार आपल्या घराच्या ओसरीवरून चालवला. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या खोदलेल्या दरडींवर कुडझू लावला गेला.

तो रुजला, आणि मग थांबायचे नाव घेईना. तारेचे खांब, पडकी घरे, उभी झाडे, जे समोर येईल त्यावर तो चढला आणि झाडांचा उजेड तोडून त्यांना मारू लागला. १९५३ साली सरकारने त्याचे नाव शिफारशीच्या यादीतून काढले. १९७० साली त्याच सरकारने त्याला तण ठरवले. अलीकडे काही अभ्यासकांनी दाखवले आहे की कुडझूचा बोलबाला त्याच्या प्रत्यक्ष फैलावाहून मोठा आहे. तो रस्त्याच्या कडेलाच मुख्यतः वाढतो आणि माणसे रस्त्यानेच जातात, म्हणून सगळा मुलूख त्याने गिळल्यासारखा दिसतो. ते खरे असेल. पण दोन पिढ्यांच्या मनात सरकारी हिरवाईबद्दल जी धास्ती बसली ती बसलीच.

गवताची निवड त्या मानाने शहाणपणाची झाली. निदान प्रथम तसे वाटले. १९३१ साली केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक ई. एन. फर्गस मेनिफी परगण्यात गेले असता एका डोंगरउतारावरच्या शेतात त्यांना एक रांगडे गवत दिसले. थंडीत हिरवे, दुष्काळात हिरवे, आणि तीव्र चढावावर घट्ट मुळे रोवलेले. त्यांनी त्याचे बी आणले, वर्षानुवर्षे तपासले, आणि १९४३ साली 'केंटकी ३१' या नावाने ते शेतकऱ्यांना दिले. नावातला ३१ हा आकडा त्या भेटीच्या सालाचा. हे गवत पुढे अमेरिकेच्या रस्त्यांचे जणू अधिकृत वस्त्र झाले. त्याच्या चिवटपणाचे रहस्य १९७० नंतरच्या दशकात उलगडले: गवताच्या आत एक सूक्ष्म बुरशी राहते, ती त्याला कीड आणि अवर्षण यांपासून सांभाळते, आणि तीच गुरांना बाधते. म्हणजे दरडीला जे अमृत, ते गाईला विष. रस्तेखात्याला गाई पाळायच्या नव्हत्या, त्यामुळे त्याचे काही अडले नाही.

याच सुमारास ओहायोतल्या कोशॉक्टनच्या प्रयोगक्षेत्रावर डब्ल्यू. डी. एलिसन नावाचा संशोधक पावसाच्या थेंबाकडे पाहत बसला होता. तोवर सर्वांची समजूत अशी की माती वाहते ती वाहत्या पाण्याने. एलिसनने १९४४ मध्ये दाखवून दिले की चोरीची सुरुवात थेंब करतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि लहानसा स्फोट होतो. मातीचे कण दोन फूट उंच आणि चार-पाच फूट लांब उडतात. सपाटीवर ते चहूकडे सारखे पडतात, उतारावर मात्र खालच्या अंगाला जास्त पडतात. शिवाय उडालेली बारीक माती छिद्रांत बसते, वर साय धरते, पाणी मुरायचे थांबते, आणि मग वाहते पाणी ती तयार माती आयती उचलून नेते. पावसाळ्यात पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी तांबड्या शिंतोड्यांचा जो पट्टा उठतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो एलिसनचा सिद्धांतच भिंतीवर लिहिलेला असतो. या शोधाचा व्यवहारातला अर्थ असा, की मुळे धरेपर्यंत वाट पाहायची सोय नाही. पहिल्या दिवसापासून मातीवर काहीतरी पांघरूण हवे, मग ते गवताचे असो, पेंढ्याचे असो की कागदाच्या लगद्याचे.

इतके ज्ञान झाले तरी रस्त्याच्या दरडीवर बी टाकायचे कसे, हा प्रश्न उरलाच होता. शेतात पाभर चालते. दरडीवर बैल चढत नाही आणि ट्रॅक्टरही चढत नाही. पूर्वीची रीत अशी, की कमरेला दोर बांधलेले मजूर बी फेकीत उतरायचे, दाताळ्याने ते खरवडून मातीत मिसळायचे, वर पेंढा अंथरायचा आणि तो उडू नये म्हणून त्यावर पातळ डांबर शिंपडायचे. किंवा दुसरीकडून हिरवळीचे चौकोनी तुकडे कापून आणायचे आणि लाकडी खुंट्या ठोकून उतारावर बसवायचे. काम सावकाश, खर्चाचे आणि जिवावरचे.

ईशान्येकडच्या कनेटिकट राज्याला हा प्रश्न इतरांच्या आधी भेडसावला. हे राज्य लहान, डोंगराळ, आणि तेथे मोटारींसाठी राखीव असे सुंदर रस्ते लवकर झाले. त्यांतला मेरिट पार्कवे १९४० साली पुरा झाला. १९४०-५० च्या दशकात तेथल्या रस्तेखात्यातल्या मॉरिस मँडेल या गृहस्थांच्या ध्यानात आले की बी जर पाण्यातच मिसळले, तर पाणी जेथे पोचेल तेथे बी पोचेल; आणि पाणी तर पंपाने कोठेही पोचवता येते. कल्पना ऐकली की वाटते, यात काय मोठे? कोणाही माळ्याला सुचावी. पण कोणाला सुचली नव्हती, हे खरे. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस दोराविना तहानलेला राहावा, तशातली ही गोष्ट.

पाण्यात बी टाकून पाहिल्यावर अडचणी दिसू लागल्या. बी तळाशी बसते किंवा वर तरंगते. नळीतून पहिल्यांदा सगळे बी बाहेर पडते आणि मग नुसते पाणी, किंवा याच्या उलट. म्हणून टाकीत सारखी फिरणारी पाती हवीत. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातल्या फिन नावाच्या कंपनीने १९५३ साली असे यंत्र बनवून बाजारात आणले, आणि त्याला दिलेले 'हायड्रोसीडर' हे नाव पुढे त्या साऱ्या पद्धतीलाच चिकटले. मुहूर्तही असा साधला की तीनच वर्षांनी, २९ जून १९५६ रोजी, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ४१,००० मैलांच्या राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्यावर सही केली. एवढे मैल रस्ता सपाट नेायचा म्हणजे डोंगर कापणे आले, भराव घालणे आले, आणि प्रत्येक मैलाला दोन्ही बाजूंनी उघडी जखम आली.

यंत्राचे काम पाहण्यासारखे असते. ट्रकवर मोठी टाकी, तिच्यात पाणी भरतात, पाती फिरू लागतात. मग लाकडाचे किंवा रद्दी वर्तमानपत्रांचे पिंजलेले तंतू टाकतात, खत टाकतात, चिकटा टाकतात, आणि बी सर्वांत शेवटी. बी शेवटी टाकण्याचे कारण असे की खताच्या खारट पाण्यात ते फार वेळ राहिले तर मरते. म्हणून कालवलेला घाणा तास-दोन तासांच्या आत संपवावा लागतो. यात हिरवा रंगही घालतात. मला पूर्वी वाटे की हा रंग लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी असावा, म्हणजे कंत्राटदाराला बिल लवकर मिळावे. तसे काही नाही. कोठे लेप बसला आणि कोठे राहिला हे नळीवाल्याला दिसावे म्हणून तो असतो, आणि दोन-चार दिवसांत फिकट होतो. (बिलाचा उपयोग होत नसेलच असे मात्र नाही.) ट्रकच्या माथ्यावर उभा राहून माणूस नळीचे तोंड फिरवतो आणि शंभर-दीडशे फुटांवरच्या दरडीवर हिरव्या शेवाळासारखा लेप बसत जातो. एका हेक्टराला नुसते तंतूच दीड-दोन टन लागतात. उतार फार उभा असेल तर त्याहूनही अधिक. हा लेप वाळून जाळीदार कागदासारखा होतो. एलिसनचा थेंब आता मातीवर न पडता या कागदावर पडतो, आणि त्याच्या खाली बी ओलाव्यात निवांत फुटते.

आणि तो चिकटा? आजीच्या हळिवाच्या जागी तेथे काय वापरतात, याची मला फार उत्सुकता होती. डांबर मागे पडले. त्याच्या जागी जे वनस्पतिजन्य चिकटे आले, त्यांत दोन प्रमुख. एक इसबगोलाच्या भुशीचा आणि दुसरा गवारीच्या बियांच्या डिंकाचा. इसबगोल म्हणजे आपल्या घरी पोट साफ होण्यासाठी रात्री पाण्यातून घेतात तोच. त्याचा मोठा बाजार गुजरातेत ऊंझ्याला भरतो, आणि गवारीचे बी मुख्यतः राजस्थानातून येते. अमेरिकेतल्या माणसाला आपल्या घरासमोरची नवी हिरवळ यंत्राने फवारून घेताना याची कल्पनाही नसते, की तिला धरून ठेवणारा चीक बनासकाठ्याच्या नाहीतर बिकानेरच्या कोरड्या शेतातला असू शकेल. केरळच्या काथ्याच्या जाळ्याही दरडीवर अंथरून त्यावर अशी फवारणी करतात. काथ्या पाण्यात बराच काळ टिकतो आणि गवताने मूळ धरल्यावर मातीत कुजून जातो.

स्तुती पुष्कळ झाली. आता दुसरी बाजू. फवारणे सोपे झाले म्हणून काय फवारावे याचा विचार मागे पडला. मैलोगणती एकच गवत, तेच केंटकी ३१, किंवा पेनसिल्व्हेनियातून निघालेला गुलाबी फुलांचा क्राउन व्हेच, जो पुढे अनेक ठिकाणी कुडझूच्याच पंथाला लागला. तेथल्या मूळच्या रानफुलांना जागा उरली नाही. अध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी हा विषय मनावर घेतला. त्यांच्या आग्रहाने १९६५ साली महामार्ग-सौंदर्याचा कायदा झाला, आणि १९८७ साली असा नियम आला की रस्त्याकडेच्या लागवडीवर जो सरकारी पैसा खर्च होईल त्यातला निदान पाव टक्का स्थानिक रानफुलांवर खर्चावा. पाव टक्का! वाचून हसू येते, पण काहीच नव्हते तेथे काहीतरी झाले. दुसरा धडा जळलेल्या रानांचा. वणव्यानंतर डोंगर वाहून जाऊ नये म्हणून कॅलिफोर्नियात दीर्घकाळ विमानांतून गवताचे बी टाकीत. २००० साली तेथल्या वनखात्यानेच जुन्या कामांचा आढावा घेतला, तेव्हा दिसले की पहिल्या पावसाळ्यात, म्हणजे ज्या वेळी खरी गरज असते त्याच वेळी, नुसते टाकलेले बी फारसे उपयोगी पडत नाही. जमिनीवर पसरलेले पांघरूण पडते. थेंबाविषयी एलिसनने जे म्हटले होते, तेच पुन्हा.

मग हे यंत्र आपल्याकडे आणावे का? हल्ली काही महामार्गांच्या आणि खाणींच्या कामांवर अशी फवारणी होऊ लागलीही आहे. पण कनेटिकटचा पाऊस आणि कोकणचा पाऊस यांत फरक आहे. तेथे वर्षभर थोडा थोडा पडतो. गवताला रुजायला सवड मिळते. कोकणात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि उरलेले आठ महिने दरड तापत असते. मेअखेर फवारावे तर मृगाच्या पहिल्या दोन सरी लेप बियांसकट गटारात नेतात. हिवाळ्यात फवारावे तर पाणी घालायचे कोणी?

या प्रश्नाचे एक उत्तर दुसऱ्याच वाटेने फिरून आपल्याकडे आले. १९५० नंतर फिजी बेटांत साखर कंपनीचे ऊसमळे सपाटीवरून टेकड्यांवर चढू लागले. तेथले ऊस पिकवणारे शेतकरी बहुतांशी गिरमिटिया मजुरांचे वंशज, म्हणजे आपल्याच देशातून गेलेल्यांचे. कंपनीत जॉन ग्रीनफील्ड नावाचा न्यूझीलंडचा माणूस होता. त्याने उताराला आडव्या, समतल ओळींत एक गवत लावले. ओळ दाट झाली, तिच्या मागे माती साठत गेली, आणि तीस वर्षांत तेथे आपोआप पायऱ्या तयार झाल्या. ते गवत म्हणजे वाळा. माठात टाकायचा, पडद्यांत विणायचा, उन्हाळ्यात ज्याच्या ताटीवर पाणी मारून अकबराच्या काळापासून माणसे ग्रीष्माची थंडी करीत आली, तोच वाळा. त्याचे मूळ आडवे पसरत नाही, सरळ खाली तीन-तीन मीटर उतरते. मळ्यात लावतात ती जात रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे कुडझूसारखा पळून जाण्याचा धोका नाही. हेच ग्रीनफील्ड पुढे जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आले, आणि १९८७ साली वाळ्यावर एक छोटी हिरवी पुस्तिका निघाली, जी नंतर देशोदेशी गेली. मौज अशी, की म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधावर वाळ्याची कुंपणे किती तरी पिढ्या लावीतच होते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला सलग सुरू झाली तेव्हा तिच्या मार्गात शेकडो खोल खोदाया होत्या, कित्येक मऊ जांभ्या मातीतून कापलेल्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आणि दगड रुळावर येऊन कारवारहून मुंबईकडे येणारी गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला मत्स्यगंधा एक्स्प्रेसला महाड-करंजाडीच्या बाजूला असाच अपघात होऊन पुन्हा जीव गेले. त्यानंतर दरडींचे उतार कमी केले गेले, दगडांवर पोलादी जाळ्या आल्या, सिमेंटचे फवारे आले, पावसात गाड्यांचा वेग उतरला, आणि मातीच्या उतारांवर वाळ्याचे ठोंबही लागले. वाळा बियाने नव्हे, ठोंबाने लागतो. मृगात लावलेला ठोंब फुटेपर्यंत निदान धुऊन जात नाही. मलेशियात केलेल्या मोजणीत त्याच्या सुतळीहूनही बारीक मुळाची ताणशक्ती साध्या पोलादाच्या सहाव्या हिश्श्याइतकी भरली.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण हल्ली गवताचे नाव घेऊन भलतीच आश्वासने दिली जातात. जलपेरणी असो वा वाळा, ती डोंगराची कातडी धरते. डोंगराचे हाड धरीत नाही. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. तेथे सरकलेला थर कोणत्याही गवताच्या मुळाच्या खाली होता. तसला डोंगर पाण्याने आतून भिजून सुटतो. त्याला आतले पाणी बाहेर काढणारे चर हवेत, आणि मुख्य म्हणजे त्याच्या अंगावर यंत्रे चालवण्यापूर्वी विचार हवा. वर हिरवे दिसते म्हणून आत सगळे ठीक आहे असे समजून त्याच्या पायथ्याशी घर बांधणे, हे केंटकी ३१ ला चारा समजण्यासारखे आहे.

आमचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत चौकात असे. तोवर मोहरी पिवळी पडून आडवी झालेली असे, मावळे ओलाव्याने फुगून रंग सोडत, आणि ज्या अंगाला काही पेरलेले नसे तेथे चिखलाला बोटबोट भेगा जात. एका वर्षी किल्ला मोडायला आम्ही खुरपे घातले तर हळिवाच्या बाजूचा कडा फुटेना. सबंध ढेकूळ एकसंध निघून हातात आले, आणि खालच्या अंगाने पाहतो तो पांढऱ्या मुळांचे जाळे. आजीने ते तसेच उचलले आणि तुळशीवृंदावनाची एक बाजू पावसाने खचली होती, तेथे नेऊन बसवले.